खमिराची सोयरीक

यीस्ट हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याला दुसरं नाव शोधायची गरज राहिलेली नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला किण्व म्हणतात, जुन्या बेकरीवाल्यांच्या तोंडी खमीर असतं. पाव त्यानं फुगतो. जिलबीचा घोळ रात्रभर झाकून ठेवला की सकाळी त्याला जे बुडबुडे येतात, त्यातही त्याचा हात असतो. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचं पीठ आंबवायला ताडी घालत. त्या ताडीत काम करत असे ते यीस्टच. खमीर हा शब्द मूळचा अरबी. दारूला अरबीत खम्र म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झालेले आहेत. पाव आणि दारू यांच्यामागे कारागीर एकच आहे हे सूक्ष्मदर्शकातून दिसण्याच्या कितीतरी आधी भाषेनं दोघांना एका घरात ठेवलं होतं. उर्दूत तर माणसाच्या मूळ घडणीलाच खमीर म्हणतात. कविता करणाऱ्या माणसाला असा शब्द सोडवत नाही. पण आज कवितेचं काम नाही. आज या कारागिराची आणि त्याच्या संगतीत सगळं आयुष्य काढलेल्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगायची आहे.

त्यांचं नाव जेराल्ड फिंक. जन्म १९४० चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून १९६२ मध्ये पदवी, येल विद्यापीठातून १९६५ मध्ये डॉक्टरेट, आणि तीही यीस्टच्या आनुवंशिकतेवर. पुढे पंधरा वर्षं कॉर्नेल विद्यापीठात, मग १९८२ पासून बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावी, व्हाइटहेड इन्स्टिट्यूट आणि एमआयटी इथे. व्हाइटहेडचे ते १९९० ते २००१ संचालक होते. मानवी जनुकसंच वाचण्याच्या जगभरच्या कामातला मोठा वाटा त्याच काळात या संस्थेनं उचलला. पदांची यादी इथेच थांबवतो.

ते शिकत होते तेव्हा रेणूंच्या पातळीवर जीवशास्त्र करायचं म्हणजे जिवाणूंवर करायचं, अशी रीत होती. ई. कोलाय नावाचा आतड्यातला जिवाणू हा सगळ्यांचा लाडका. तो वीस मिनिटांत दुप्पट होतो, खायला थोडं लागतं, तक्रार करत नाही. मग कुणी यीस्टच्या नादी का लागावं? मी बी.ए. झालेला माणूस, प्रयोगशाळा कॉलेजात असताना दारातूनच पाहिली. तेव्हा मला जसं समजलं तसं सांगतो. जिवाणू म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड. चूल, अंथरूण, धान्याचं पोतं, सगळं त्याच खोलीत. यीस्टची पेशी डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान, पण ती वाडा आहे. तिला माजघर आहे, कोठीघर आहे, आणि घराण्याचं सगळं दप्तर ठेवलेली एक वेगळी बंद खोली आहे. त्या खोलीला पेशीकेंद्र म्हणतात. तुमच्या-माझ्या शरीरातल्या पेशीही याच बांधणीचे वाडे आहेत. पावाच्या यीस्टमध्ये १६ गुणसूत्रं आणि सुमारे ६,००० जनुकं. दीड तासात एकाच्या दोन पेशी होतात. म्हणजे बांधणी आपल्यासारखी आणि वेग जवळजवळ जिवाणूंसारखा. फिंक यांच्या पिढीतल्या मोजक्या लोकांनी हे हेरलं.

ही नुसती उपमा नाही. बुरशीला आपण सवयीनं झाडपाल्याबरोबर मोजतो, कारण ती जागची हलत नाही. पण वंशावळ मांडली तर बुरशी, आणि बुरशीच्याच कुळातलं यीस्ट, वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचं आहे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक झडती घेतली. यीस्ट ज्यांच्यावाचून जगूच शकत नाही अशी ४१४ जनुकं त्यांनी निवडली, एकेक काढून त्या जागी माणसाचं तेच काम करणारं जनुक बसवलं आणि पेशी जगते का ते पाहिलं. जवळजवळ निम्म्या ठिकाणी ती जगली. दोघांचा समाईक पूर्वज होऊन गेल्याला सुमारे १०० कोटी वर्षं झाली, आणि तरी त्याच्या घरातला सुटा भाग आपल्या घरातल्या भागानं बदलता येतो! सोयरीक म्हणतात ती ही.

पण वाड्याच्या दप्तरात हात घालायचा तर आधी आत शिरावं लागतं. जिवाणूंमध्ये बाहेरचं जनुक घालता येऊ लागलं होतं. यीस्टमध्ये ते जमत नव्हतं. ज्यांनी जमल्याचा दावा केला त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता, आणि त्याला कारण होतं. यीस्टला एखादं जनुक बिघडल्यामुळे एखादी गोष्ट करता येत नसेल, तर लाखो-कोटी पेशींमध्ये एखादीचा तो बिघाड आपोआपच दुरुस्त होतो. मग ती सुधारली ती तुम्ही घातलेल्या जनुकामुळे की आपल्या नशिबानं, हे सांगायचं कसं?

फिंक, अल्बर्ट हिन्नेन आणि जेम्स हिक्स या तिघांनी कॉर्नेलमध्ये १९७८ साली याचा निकाल लावला. त्यांनी ल्युसिन नावाचा अन्नघटक स्वतः बनवू न शकणारं यीस्ट घेतलं. मात्र त्या एकाच जनुकात एक नव्हे, दोन बिघाड असलेलं वाण निवडलं. एक कुलूप वाऱ्यानं उघडेल, पण एकाच दाराची दोन कुलपं एकाच वेळी वाऱ्यानं उघडत नाहीत. मग पेशींचं टणक कवच काढलं. त्या काळी यासाठी गोगलगायीच्या पोटातला पाचकरस वापरत असत, कारण गोगलगायीला असली कवचं पचवायची सवय असते. उघड्या पेशींमध्ये चांगलं जनुक मिसळलं, पेशींना पुन्हा कवच धरू दिलं आणि ल्युसिन नसलेल्या अन्नावर वाढायला ठेवलं. जिथं काहीच उगवायला नको होतं तिथं पांढरे ठिपके उगवले. तपासल्यावर दिसलं की बाहेरचं जनुक गुणसूत्रात जाऊन बसलं आहे. काही पेशींत तर थेट आपल्या जुन्या, बिघडलेल्या भावाच्या शेजारी. त्याच वर्षी एडिंबरामध्ये जीन बेग्ज यांनी वेगळ्या वाटेनं हेच साधलं. यीस्टचं दार उघडलं.

जनुक आपली जागा शोधून तिथं बसतं ही गोष्ट दिसायला छोटी, परिणामानं फार मोठी होती. त्यामुळे पुढे यीस्टमधलं हवं ते एक जनुक नेमकं काढणं, बदलणं, त्याजागी दुसरं बसवणं सुरू झालं. दप्तरातला एखादा कागद फाडून पाहायचा आणि वाड्यात काय बंद पडतं ते बघायचं. पेशी कधी विभागते, टाकाऊ माल कुठे नेते, तयार माल दाराबाहेर कसा पोचवते, हे सगळं यीस्टवरच्या कामातून आधी कळलं, आणि मग तेच माणसात सापडलं. लीलंड हार्टवेल यांना २००१ चं, रँडी शेकमन यांना २०१३ चं आणि जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं, ते मुख्यतः यीस्टवर केलेल्या कामाबद्दल.

फिंक यांना नोबेल मिळालेलं नाही. त्यांच्या खात्यावर एक वेगळी गोष्ट आहे, आणि मला ती नोबेलहून कमी वाटत नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कोल्ड स्प्रिंग हार्बर नावाची प्रयोगशाळा आहे. तिथं १९७० पासून फिंक आणि रोचेस्टरचे फ्रेड शर्मन यांनी दर उन्हाळ्यात यीस्टचा एक वर्ग घ्यायला सुरुवात केली, आणि दीड दशकाहून अधिक काळ तो चालवला. विद्यार्थी म्हणून येणाऱ्यांत नवी पोरं होती, तशी दुसऱ्या विषयात नाव मिळवलेली प्राध्यापक मंडळीही होती. दिवसरात्र हातानं काम करायचं, शिकलेलं आपापल्या गावी न्यायचं. संगीतात घराणं तयार होतं तसं हे झालं, फरक इतकाच की इथे चिजा लपवून ठेवायची रीत नव्हती. कुणाकडचं वाण हवं असेल तर पत्र टाकायचं, ते पोस्टानं यायचं. १९९६ मध्ये यीस्टचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, पेशीकेंद्र असलेल्या जिवांपैकी जगातला पहिला. युरोप, अमेरिका, कॅनडा, जपान इथल्या सुमारे ६०० जणांनी गुणसूत्रं वाटून घेऊन तो वाचला होता. ही वाटून घ्यायची सवय कुठून आली, हे त्या वर्गाकडे पाहिलं की कळतं.

आता या उघड्या दारातून आपल्या घरात काय आलं ते पाहू. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागणारी कावीळ. ती वर्षानुवर्षं यकृतात दबा धरून बसते आणि काहींना शेवटी कर्करोगापर्यंत नेते. तिच्यावरची पहिली लस १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण ती बनायची ती हा विषाणू अंगात वागवणाऱ्या माणसांच्या रक्तातून. रक्त मिळवायचं, त्यातला विषाणूच्या वेष्टनाचा भाग वेगळा करायचा, आणि बाकी काही उरलं नाही ना याची शंभरदा खात्री करायची. नेमक्या त्याच सुमारास एड्सची भीती सुरू झाली होती. जिवाणूंकडून ते वेष्टन करून घ्यायचे प्रयत्न नीट जमत नव्हते. एका खोलीच्या बिऱ्हाडात तो माल घडत नव्हता. १९८२ मध्ये पाब्लो व्हालेन्झुएला, विल्यम रटर, बेंजामिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक यीस्टमध्ये घातलं. यीस्टनं नुसतं प्रथिन बनवलं नाही, तर रुग्णाच्या रक्तात सापडतात तसे त्याचे बारीक गोळेही वळून दिले. १९८६ मध्ये त्यापासूनची लस अमेरिकेत मंजूर झाली. जनुकं जोडून माणसासाठी बनवलेली ती पहिली लस. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं यीस्टमध्येच अशी लस बनवली आणि परदेशी लशीपेक्षा पुष्कळ स्वस्तात विकली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटिस बीची लसही यीस्टचीच. आज सरकारी दवाखान्यात नवजात बाळाला ही लस टोचतात तेव्हा त्या सुईमागे पावाच्या भट्टीतला कारागीर, नाहीतर त्याचा एखादा चुलतभाऊ असतो.

इन्सुलिनचं तसंच. पूर्वी ते गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. त्यामुळे आपल्याकडे हिंदू घरात एक संकोच आणि मुसलमान घरात दुसरा. घ्यायचं ते सगळे घेत, कारण जीव प्यारा. पण बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं टाळत. माणसाचं इन्सुलिन आधी जिवाणूंमध्ये आणि मग यीस्टमध्ये बनू लागलं तसा हा संकोच निमूटपणे संपला. भारतीय कंपनीचं असं पहिलं इन्सुलिन २००३ मध्ये आलं, तेही आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वोक्हार्टच्या कारखान्यातून, यीस्टमध्ये तयार झालेलं.

फिंक यांनी म्हातारपणी हात घातलेला एक प्रश्न महाराष्ट्रातल्या साखर पट्ट्याला जवळचा आहे. मळीपासून अल्कोहोल करताना यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल सोडत जातं, आणि ते प्रमाण वाढलं की त्याच अल्कोहोलनं मरतं. आपल्याच धंद्यात बुडून मरणारा दुसरा जीव मला तरी माहीत नाही. २०१४ मध्ये फिंक, फेलिक्स लॅम आणि एमआयटीचे ग्रेगरी स्टेफनोपोलस यांनी दाखवलं की अल्कोहोल पेशीचं वेष्टन गळकं करतं, त्यामुळे आतबाहेरचा पोटॅशियमचा आणि आम्लतेचा तोल ढळतो. द्रावणात पोटॅशियम वाढवलं आणि आम्लता कमी केली तर तेच यीस्ट जास्त अल्कोहोल सोसतं आणि जास्त बनवतं. जनुकांची इतकी खटपट आयुष्यभर केलेल्या माणसानं शेवटी सांगितलेला उपाय खताच्या दुकानात मिळणाऱ्या क्षाराचा निघाला, याची मला गंमत वाटते. त्यांनी त्याच बदलाची सोय पेशीच्या पंपांमध्ये जनुकं बदलूनही करून पाहिली, तो भाग वेगळा.

पण हवं ते बनवून देणारा कारागीर हाताशी असला की कोण काय बनवून घेईल हा प्रश्न येतोच. बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या चमूनं २००६ मध्ये यीस्टकडून हिवतापावरच्या आर्टेमिसिनिन औषधाचा कच्चा माल करून घेतला. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टीना स्मोल्क यांच्या चमूनं अफूच्या वर्गातली वेदनाशामकं यीस्टकडून करून दाखवली. त्यांचं प्रमाण इतकं नगण्य होतं की एका मात्रेला हजारो लिटर द्रावण लागलं असतं. तरी घरच्या हांडीत अफू पिकण्याची धास्ती लोकांनी घेतलीच. ही धास्ती फिंक यांना नवी नव्हती. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात उंदरांची पैदास रोखायची लस करताना संशोधकांनी उंदरांच्या देवीच्या विषाणूत एक जनुक घातलं आणि तो विषाणू लस दिलेल्या उंदरांनाही मारू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटं पोस्टानं फिरली. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष फिंक. २००३ मध्ये आलेला तिचा अहवाल फिंक अहवाल म्हणूनच ओळखला जातो. लस निकामी करणं, रोगजंतूंना औषध लागू न होऊ देणं, रोग अधिक पसरता करणं, अशा सात प्रकारच्या प्रयोगांवर आधी विचार व्हावा, असं त्यात होतं. मात्र संशोधनाला कुलूप लावा असं त्यांनी म्हटलं नाही. विद्या लपवली की चोराला अडचण होत नाही, वैद्याला होते, असा त्या अहवालाचा रोख मला दिसतो. सल्ला द्यायला २००४ मध्ये तिथल्या सरकारनं एक मंडळ नेमलं. सगळं ऐच्छिक ठेवल्याबद्दल टीका झाली, आणि ती अगदीच गैर होती असं मला म्हणवत नाही.

आता सोयरिकीची दुसरी बाजू.

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या आपांचा फोन आला. करोनाची दुसरी लाट होती आणि वर्तमानपत्रात काळ्या बुरशीच्या बातम्या रोज होत्या. आमच्या ओळखीतल्या एका मास्तरांचा डोळा काढावा लागला होता. आपा म्हणाल्या, "काय रे, पाव फुगवतात तीसुद्धा बुरशीच म्हणे. मग पोरांना पाव द्यायचा की बंद करायचा?" मी म्हटलं, "द्या आपा, खुशाल द्या. ते यीस्ट भट्टीतच मरतं. आणि ही काळी बुरशी वेगळ्या घरातली. कुळ एक, पण पार लांबची शाखा." त्या म्हणाल्या, "कुळ एक आहे ना? मग हिचं औषध का नाही मिळत?"

औषध मिळत नव्हतं याची दोन कारणं होती. एक बाजारातलं: अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांचा साठा अपुरा, आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धावत होते. त्या जुलैत संसदेत सरकारनं आकडे दिले, तेव्हा देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण आणि ४,३०० हून जास्त मृत्यू नोंदले गेले होते. सर्वांत जास्त रुग्ण महाराष्ट्रात. वाढलेली रक्तातली साखर आणि करोनासाठी दिलेली स्टिरॉइड्स यांनी त्या बुरशीला वाट करून दिली होती. दुसरं कारण मात्र जुनं आहे, आणि आपांच्या प्रश्नातच ते आहे. बुरशीवर मुळात औषधंच फार थोडी आहेत, कारण ती आपल्या कुळातली आहे.

जिवाणू मारणं त्या मानानं सोपं. त्याचं घर आपल्या घरासारखं नाही. पेनिसिलिन त्याच्या भिंतीवर घाव घालतं, आणि आपल्या पेशीला तशी भिंतच नाही. पण बुरशीच्या वाड्यात आपल्यासारखंच कोठीघर, आपल्यासारखंच माजघर. तिथं विष ठेवलं की ते आपल्यालाही लागतं. फरकाच्या जागा मोजक्या. आपल्या पेशीच्या वेष्टनात कोलेस्टेरॉल असतं, तिच्यात त्याचाच भाऊ एर्गोस्टेरॉल. अ‍ॅम्फोटेरिसिन त्या भावाला धरतं, पण अंधारात दोघे सारखे दिसतात, म्हणून ते मूत्रपिंडाला जाचतं. फ्लुकोनाझोलसारखी औषधं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. तिसरा एक वर्ग बुरशीच्या कवचावर काम करतो. रक्तात किंवा आतल्या अवयवांत शिरलेल्या बुरशीवर डॉक्टरांची भिस्त मुख्यतः या तीन वर्गांवर. माणसासाठी बुरशीविरुद्धची मंजूर लस एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये पहिल्यांदा घातक बुरशींची यादी काढली, तोवर या दुखण्यांकडे कुणी फारसं वळून पाहत नव्हतं.

जाता जाता एक सांगतो, कारण ते घराघरात चालतं. नायटा किंवा गजकर्ण हीसुद्धा बुरशीच. त्यावर मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी आरामात पसरते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात हट्टी नायट्याची जी साथ आहे, तिचं हे एक मोठं कारण आहे. मलम डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

फिंक बुरशीच्या दुखण्याकडे वळले ते एका अनपेक्षित वळणानं. यीस्टची पेशी गोल, एकटी राहणारी, अशीच सगळ्यांची समजूत होती. १९९२ मध्ये कार्लोस हिमेनो, पेर युंगडाल, कोरा स्टाइल्स आणि फिंक यांना दिसलं की नायट्रोजनची उपासमार झाली की तेच यीस्ट लांबट होतं, पेशीला पेशी जोडून साखळी करतं आणि अन्नाच्या शोधात खाली घुसतं. इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही? चार वर्षांनी त्यांच्याच प्रयोगशाळेनं उत्तर शोधलं. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये वाढवलेल्या नेहमीच्या वाणात त्यासाठी लागणारं एक जनुकच बिघडलेलं होतं. पिंजऱ्यात पिढ्या गेल्या आणि उडणं विसरलं. सगळे त्या विसरलेल्यालाच पाहत होते.

धागे काढणारी दुसरी एक बुरशी डॉक्टरांना चांगली ठाऊक होती: कॅन्डिडा अल्बिकन्स. ती पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात गुपचूप राहते. अँटिबायोटिक्सनी शेजारचे जिवाणू मेले, मधुमेह बळावला, कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती घटली की ती डोकं वर काढते. बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो तो तिचाच. तेवढ्यावर राहिली तर ठीक. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात शिरली तर जीव वाचणं कठीण. ती कधी गोल असते, कधी धागे काढते. धागे काढणं हे तिच्या दुष्टपणाचं कारण की नुसती सवय, यावर वाद होता. पावाच्या यीस्टमध्ये साखळी करायला लावणारी जनुकं फिंक यांना माहीत झाली होती. त्यांचे भाऊबंद कॅन्डिडात शोधून, दोन जनुकं बंद करून त्यांच्या चमूनं धागे काढूच न शकणारी कॅन्डिडा तयार केली. १९९७ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. साध्या कॅन्डिडानं उंदीर मेले. धागे नसलेलीनं मेले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तर आणखी दिसलं: शरीराच्या पहारेकरी पेशींनी गिळल्यावर साधी कॅन्डिडा आतून धागा काढून त्यांना भोसकून बाहेर येत होती, आणि दुसरी आत अडकून पडत होती. नातलगाच्या चौकशीतून शत्रूचं हत्यार सापडलं ते असं.

कॅन्डिडावर काम करणं मात्र जिकिरीचं. तिच्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, त्यामुळे एक जनुक बंद करायचं तर सगळी खटपट दोनदा. शिवाय ती आनुवंशिक लिपीतला एक शब्द वेगळा वाचते. पावाचं यीस्ट आणि आपण ज्याला ल्युसिन समजतो, तिथं ती बहुतेक वेळा सेरिन नावाचा दुसराच घटक बसवते. म्हणून इतरांसाठी केलेली साधनं तिच्यात तशीच चालत नाहीत. २०१५ मध्ये वाल्मिक व्यास, इन्माकुलाडा बरासा आणि फिंक यांनी क्रिस्पर नावाची जनुकं कापायची नवी कात्री तिच्या लिपीत बसवून घेतली आणि दोन्ही प्रती एका फटक्यात बदलून दाखवल्या. त्यांनी सुरुवातीलाच बदलून पाहिलेल्या जनुकांत सीडीआर-१ आणि सीडीआर-२ ही दोन होती. फ्लुकोनाझोल आत शिरलं की ते उपसून बाहेर टाकणारे पंप याच दोन जनुकांचे. कात्री चालवली ती रुग्णाच्या अंगातून आलेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या वाणावर. फिंक तेव्हा पंचाहत्तरीत होते.